फोनवरचा सहावा धडा

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची माझी पहिली पूर्ण वेळ नोकरी, तीही अजून कच्ची; आणि लिफ्ट निरीक्षकाची परीक्षा पुढच्याच बुधवारी. नऊ ते सहा लोकांचं ऐकून घ्यायचं आणि घरी येऊन पुस्तक उघडलं की दुसऱ्या ओळीला डुलकी. म्हणून मी सगळे धडे माझ्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केले. बसमध्ये, केस विंचरताना, भाजी निवडताना ते चालू. आई पार वैतागली.

"एकीनंच माझे कान किटतात," ती म्हणाली, "आता ही दुसरी कशाला आणलीस?"

साहेबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या आधीची मुलगी अभ्यासासाठी नोकरी सोडून गेली, तेव्हापासून ते अभ्यास या शब्दावरच खार खाऊन होते. मुलाखतीत त्यांनी "पुढे काही शिकताय का?" असं विचारलं आणि मी खुशाल "नाही" म्हणून मोकळी झाले. आता एका दिवसाची रजा हवी होती. परीक्षा हुकली तर पुन्हा वर्षभर वाट बघा. रजेचा अर्ज चार दिवस पर्समध्ये पडून होता. मी रोज तो घेऊन साहेबांच्या दारापर्यंत जायचे आणि पाणी पिऊन परत यायचे. इतकं पाणी मी आयुष्यात प्यायले नव्हते.

सोमवारी संध्याकाळी साहेब म्हणाले, "फोन थांबवून ठेवला की लोकांना नुसती शांतता ऐकू येते. तुमचा आवाज बरा आहे. 'कृपया थांबा' वगैरे रेकॉर्ड करा आणि ऑफिसच्या फोनवर चढवून टाका."

मी मोबाइलवर बोलले, तिथून चढवलं आणि बस पकडायला पळाले.

मंगळवारी सकाळी एका दंतवैद्यबाईंचा फोन आला. त्यांच्या दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, रिकामी. पत्ता लिहून घेतला तर म्हणतात, "वीज गेली की ब्रेक लागतो की सुटतो? फोनमधली बाई उत्तर सांगणार, तेवढ्यात तुम्ही फोन उचललात हो."

"लागतो," मी म्हटलं, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. घाईघाईत मी संदेशाऐवजी सहावा धडा चढवला होता!

तो काढायला जाते तोच आमचे सर्वात जुने मेकॅनिक, वंगणकाका, यांचा कामावरून फोन. "पोरी, फोन स्पीकरवर होता. अख्खी बिल्डिंग ऐकतेय. जरा सावकाश बोलत जा की!"

"काका, साहेबांना सांगू नका, पाया पडते."

"आत या," मागून साहेब म्हणाले.

त्यांच्या टेबलावर मोबाइल होता. त्यांनी स्वतःच ऑफिसला फोन लावला होता आणि त्यातून मी खणखणीत आवाजात सांगत होते, "केबिनला तोलून धरणारं समतोल वजन म्हणजे रिकाम्या केबिनचं वजन अधिक पूर्ण भार."

मी खरं ते सांगून टाकलं. चुरगळलेला अर्ज पुढे ठेवला. नोकरी गेली असंच धरून चालले होते आणि मला फार वाईट वाटत होतं, कारण ही नोकरी मला मनापासून आवडायला लागली होती.

"म्हणजे मुलाखतीत खोटं बोललात."

"हो."

"आणि इथे चुकीचं बोललात. पूर्ण भार नाही, साधारण अर्धा. असं लिहिलंत तर नापास व्हाल."

"तुम्हाला कसं..."

"तीनदा नापास झालोय," साहेब खिडकीकडे बघत म्हणाले. "एकदा याच प्रश्नात."

त्यांनी अर्जावर सही केली. मी आभार मानायला तोंड उघडणार, तोच त्यांनी खणातून दुसरा कागद काढला. तोही रजेचा अर्ज, बुधवारचाच, त्यांच्या स्वतःच्या नावाचा.

"मालकांकडे दोन्ही एकदमच पाठवा. मीही परीक्षेचा फॉर्म भरलाय यंदा. घरी बायकोलासुद्धा बोललो नाहीये, तेव्हा तुम्हीही गप्प." ते लालेलाल झाले होते. "बुधवारी वंगणकाका बसतील फोनवर."

"आणि तो धडा, साहेब? आत्ता काढते."

"अर्ध्या भाराचं तेवढं नीट करा," साहेब म्हणाले, "आणि सातवा मला मोबाइलवर पाठवा. गाडी चालवताना वाचता येत नाही."