बुधवारचं कोमट पाणी

बबडीची आई न्हाणीघरात घसरली आणि तिच्या उजव्या हाताचं मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आली, खाटेवर टेकली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "आता बुधवारचं काय?"

बबडी सात वर्षांची. जन्मापासून तिचे पाय ताठ. गुडघे एकमेकांना चिकटलेले, टाचा वर ओढलेल्या. बोलणंही सावकाश. एकेक शब्द जिना चढून आल्यासारखा धापा टाकत बाहेर यायचा. तिचा बाप सोफे आणि खुर्च्या शिवायचा, म्हणून गल्लीत सगळे त्याला कुशनवाला म्हणत. घराच्या खालीच त्याचं दुकान होतं. बबडीची बसायची खुर्ची त्यानेच तयार केली होती. फोम कापून, तिच्या पाठीला जिथे टोचायचं तिथे खोलगट करून. पोरगी वाढायची तशी खुर्चीही उसवून पुन्हा शिवायचा.

नगरपालिकेचं कुटुंब मदत केंद्र वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. मागच्या वर्षी बबडीची आई तिथे चाकाची खुर्ची उसनी मिळते का ते विचारायला गेली होती. खुर्ची मिळाली, शिवाय तिथल्या बाईंनी बुधवारच्या दुपारचीही गोष्ट सांगितली. बुधवारी दुपारी पालिकेचा पोहण्याचा तलाव इतरांसाठी बंद असतो. पाणी कोमट करतात आणि बबडीसारख्या मुलांना आत सोडतात. न्यायला-आणायला गाडी येते. पैसे पडत नाहीत. अट एकच, मुलासोबत घरचं कुणीतरी पाण्यात उतरायला हवं.

तेव्हापासून दर बुधवारी मायलेकी जात होत्या. रात्री बबडीचे पाय आखडून ती रडत उठायची, ते बुधवारी व्हायचं नाही. एवढं कुशनवाल्याला ठाऊक होतं. बाकी तिथे काय चालतं ते त्याने कधी विचारलं नव्हतं. ओले टॉवेल तेवढे वाळत घालायचा.

बबडीच्या आईने डाव्या हाताने फोन धरून केंद्रातल्या बाईंना सांगितलं, "आमची जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला आता जमायचं नाही."

"जागा कशाला सोडता?" बाई म्हणाल्या. "घरात दुसरं कुणी नाही का?"

ती नवऱ्याकडे बघायला लागली. कुशनवाला बबडीची खुर्ची ठोकत बसला होता, तोंडात खिळे धरून. ते त्याने एकेक करून बाहेर काढले.

"मी?"

"तुम्हीच. का, घरात आणखी कुणी लपलंय?"

पाण्याशी त्याचं कधी जमलंच नव्हतं. आंघोळ करताना डोक्यावर तांब्या ओतायचा तरी तो आधी श्वास रोखायचा. पण बबडी त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिच्यासमोर घाबरायचीही सोय नव्हती.

बुधवारी गाडी आली. ड्रायव्हरने मागची फळी खाली केली, चाकाची खुर्ची वर चढवली, पट्टे आवळले आणि विचारलं, "आज वहिनी नाहीत?"

"आज मी आहे," कुशनवाला म्हणाला. जीव मुठीत धरूनच बोलत होता.

तलावाच्या इमारतीचं छप्पर दुधी काचेचं होतं. आतला उजेड कुठून येतो तेच कळत नव्हतं. भिंतींतून, पाण्यातून, हवेतूनच झिरपल्यासारखा. आवाजही तसेच. कुणी पलीकडच्या टोकाला खोकलं तरी ते सगळीकडे पसरून मऊ होऊन कानाशी यायचं. पाण्यावर वाफेचा पातळ पडदा होता, आणि त्यात चार-पाच माणसं कमरेपर्यंत उभी होती, कडेवर मुलं घेऊन, जणू कशाची तरी वाट बघत होती पण घाई कुणालाच नव्हती.

पाण्यात उतरण्याआधीच कुशनवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

पालिकेची एक बाई तिथे शिकवायची. मुलं तिला पाण्यातली ताई म्हणत. ती दोघांना उतरणीवरून खाली घेऊन गेली. "सावकाश. पाय घासत घासत या. पाणी तुमच्या छातीच्या वर जाणार नाही." बबडीला तिने त्याच्या हातांवर ठेवलं, पाठीखाली एक हात, मानेखाली एक.

आणि बबडी हलकी झाली. रोज जिन्यावरून उचलताना त्याची कंबर भरून यायची, ती हीच पोरगी? आता ती पिंजलेल्या कापसाच्या थरासारखी त्याच्या हातांवर पडली होती. त्याने बोटं थोडी सैल केली तरी ती तिथेच राहिली.

"बाबा," ती म्हणाली. शब्द एका दमात आला. "तुझे पाय माझ्यासारखे झालेत."

त्याने खाली पाहिलं. खरंच होतं. गुडघे एकमेकांवर दाबलेले, टाचा वर उचललेल्या, सगळं अंग लाकूड.

"आता सांडायचं," बबडी म्हणाली.

"काय सांडायचं?"

"आपण. आपणच सांडायचं. आई आणि मी सांडतो. आधी मान सांडायची. मग खांदे. मग पोट. पोट सगळ्यात कंजूष असतं, ते लवकर सांडत नाही."

पाण्यातली ताई हसली. "ऐका तिचं. तिची आई पहिल्या दिवशी तुमच्याहून ताठ होती."

हे त्याला नवीन होतं. बायकोला पाण्याची भीती वाटायची हे तिने घरी कधीच सांगितलं नव्हतं. तो मान सैल सोडायला लागला. मग खांदे. बबडी डोळे मिटून, अगदी मास्तरणीसारखी, "अजून... अजून..." म्हणत राहिली. गुडघे वाकवून तो खाली गेला, पाणी कानांत शिरलं आणि सगळे आवाज लांब गेले. स्वतःच्या छातीतली धडधड तेवढी ऐकू येत होती, तीही हळूहळू मंद होत गेली. छपराच्या काचेवरून एक पक्षी चालत गेला. त्याची सावली पाण्याच्या तळावरून सरकत आली, बबडीच्या पोटावर चढली आणि पलीकडे उतरून गेली.

गाडीत बसल्यावर त्याला वाटलं, रस्ता अजून हलतोय.

घरी बायकोने विचारलं, "बुडालात का?"

"सांडलो," तो म्हणाला. ती इतकी हसली, की प्लास्टरचा हात पोटाशी धरून बसली.

मग दर बुधवारी तोच जायला लागला. मंगळवारी संध्याकाळपासून त्याला हुरहूर लागायची. गिऱ्हाइकांना तो सरळ सांगायचा, "बुधवारी दुपारी दुकान बंद." पाण्यात मायलेकींचं एक सबंध घर होतं, आणि बबडी त्याला त्यातल्या एकेका खोलीत नेत होती. कोपऱ्यातली गरम पाण्याची धार म्हणजे आजीची मांडी. तळावरची काळी रेघ म्हणजे आगगाडी. त्या रेघेवरून बाबाने चालायचं आणि बबडीने शिट्टी द्यायची. एकदा तिने तोंड पाण्यात घातलं आणि बुडबुडे सोडले. वर आल्यावर म्हणाली, "मी तुला एक गुपित सांगितलं. कळलं?" तो म्हणाला, "कळलं." ती गंभीरपणे म्हणाली, "मग कुणाला सांगू नकोस."

दुकानात फोम कापतानाही त्याचे हात आता सावकाश चालायचे. सुरी बाजूला ठेवून तो उगाच तळवे बघत बसायचा.

मग प्लास्टर निघालं.

सकाळच्या चहाला बायको मनगट फिरवून बघत म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, पाण्यात जायला हरकत नाही. पुढच्या बुधवारी मी जाते."

"हो, जा की," तो म्हणाला आणि कप बशीत ठेवताना चहा सांडला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. "आता तुम्ही मला पाण्यात बघणार वाटतं!"

तो हसला नाही. "तुझंच आहे ते. तू शोधून काढलंस, तू तिला शिकवलंस. मी आपला मधे आलो."

तिने पुसायचं फडकं घेतलं, पण पुसलं नाही. हातातच धरून बसली. "एक सांगू? तुम्ही दोघं पहिल्यांदा गेलात ना, तेव्हा मी या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत होते. कुणी हाक मारेल म्हणून. दुसऱ्या वेळी खिडकीतून उन्हाचा तुकडा पडला होता, त्यात जमिनीवर आडवी झाले. उठले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. नंतर एकदा नुसतीच बाहेर पडले, पुलापर्यंत गेले, आणि परत येताना मला कळलं, मी गाणं म्हणतेय. रस्त्यात! मोठ्यांदा! एक माणूस वळून बघत होता."

"मग?"

"मग काय, पुढची ओळ म्हटली." तिने सांडलेला चहा एकदाचा पुसला. "मला पाणीही हवंय, आणि ती रिकामी दुपारही हवीय. एवढा हावरटपणा बरा नव्हे, पण हवंय."

त्यालाही नेमकं तेच म्हणायचं होतं, फक्त त्याला ते असं मांडता आलं नसतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांनाही एकच गोष्ट हवी आणि ती कामाची नाही, जबाबदारीची नाही, असं बहुतेक पहिल्यांदाच होत होतं. त्याला एकदम लाजल्यासारखं झालं.

दोघं मिळून केंद्रात गेले. वाचनालयाचा जिना चढताना एखादी चोरी कबूल करायला निघाल्यासारखे गप्प होते. त्यांचं ऐकून बाईंनी चष्मा काढला.

"एवढंच ना? आलटून पालटून या. एखाद्या बुधवारी दोघं या. पाणी काय, कमी पडणार आहे का? मला वाटलं, भांडण घेऊन आलात."

"भांडणच होतं," बायको म्हणाली, "पण दोघंही माघार घेत होतो."

पुढच्या बुधवारी मायलेकी गेल्या. कुशनवाल्याने दुकान उघडं ठेवलं, पण शिवलं काहीच नाही. दारात स्टूल टाकून बसला. समोरच्या इमारतीच्या काचांवर ढग सरकत होते. एका गिऱ्हाइकाने येऊन विचारलं, "काम चाललंय का?" तर तो म्हणाला, "चाललंय," आणि बसूनच राहिला.

गाडी आली तेव्हा बायकोचे केस ओले होते आणि चेहरा उजळला होता. बबडी पट्ट्यांत बांधलेली, डोळे अर्धे मिटलेले. त्याने तिला उचलून खांद्यावर घेतलं.

"बाबा," ती त्याच्या मानेशी पुटपुटली, "आज मी डोळे उघडले. पाण्याच्या आत."

"काय दिसलं?"

"सगळ्यांचे पाय. सगळे पाय... नाचत होते. आईचे पण. वर ना... वर कुणालाच माहीत नव्हतं, आणि खाली..."

तो जिन्यात थांबला. मागे बायकोही थांबली. खाली काय, ते ऐकायला दोघं तसेच उभे राहिले, पण बबडी झोपून गेली होती.