नीलमाचा पुष्कराज

लाकडी सामानाच्या दुकानावर एक मोठा हॉल आहे. एरवी तिथे कपड्यांचे सेल लागतात. त्या महिन्यात तिथे खडेमहाराज उतरले होते आणि रांग जिन्यावरून उतरून रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. कुणाची कंबर धरलेली, कुणाचं पित्त उसळलेलं, एका बाईंना तर जावयाचा स्वभाव बदलून हवा होता. सगळ्यांवर औषध एकच, महाराजांच्या तर्जनीतली अंगठी.

अंगठीतला खडा निळा. महाराज आपल्या हातावर पांढरा रुमाल टाकायचे, अंगठी दुखऱ्या जागी टेकवायचे आणि डोळे मिटून पुटपुटायचे. शेवटच्या बैठकीत रुमाल उचलला की खडा पिवळाधमक. "नीलमाचा पुष्कराज झाला," महाराज सांगायचे. "निळा म्हणजे दुखणं जागं आहे. पिवळा म्हणजे निजलं. मी काही करत नाही, खडा बोलतो. मी आपला त्याचा दुभाषा." एवढा विनम्र दुभाषा मी दुसरा पाहिलेला नाही. बोलणाऱ्यापेक्षा त्याचाच सत्कार जास्त व्हायचा.

मी दातांची डॉक्टर. घरच्यांच्या भाषेत दात उपटणारी. त्यामुळे हिरडीच्या पलीकडे माझ्या मताला घरात फारशी किंमत नाही. तशी मी त्या रांगेकडे बघून नुसती हसले असते, पण रांगेत माझ्या मोठ्या जाऊबाई होत्या.

जाऊबाईंच्या गालाला आतून एक पांढरट चट्टा आला होता. तुटक्या दाढेची कड तिथे घासत होती. कड मी गुळगुळीत केली, तरी चट्ट्याच्या मधली जखम भरेना. कर्करोग तर नाही ना, हे बघायला असल्या जखमेचा तुकडा काढून तपासावा लागतो. मी सर्जनची वेळ घेतली, आणि जाऊबाई ती पुढे ढकलत राहिल्या.

"तुकडा काढला की पसरतं म्हणतात," त्या म्हणाल्या.

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. आणि महाराजांनी दोनदा बघितलंय. निळ्यात थोडं पिवळं दिसायला लागलंय. शेवटच्या बैठकीला खडा पुरता पिवळा झाला की मी सुटले. मग कशाला चिरफाड?"

"आणि चट्टा?"

"तो जाईल हळूहळू. तू काय, दाढेपुरतं बघ."

मला राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. असल्या जखमा मी पाहिल्या आहेत. त्या कुणाच्या बैठकीसाठी थांबत नाहीत. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला सांभाळून घेणारी ही बाई. घरातली कुठलीही घट्ट बसलेली बरणी आम्ही मुकाट्याने त्यांच्याकडे देतो, कारण त्यांच्या मनगटापुढे झाकणाचं काही चालत नाही. स्वच्छतेचं वेडही तसंच. पाहुण्याने पाणी पिऊन ठेवलेला पेला त्याच्या डोळ्यांदेखत विसळतील.

त्याच आठवड्यात दुपारी, माझी मदतनीस जेवायला गेलेली असताना, मफलरमध्ये डोकं गुंडाळलेला एक माणूस दवाखान्यात शिरला. मफलर सुटला आणि आतून खडेमहाराज निघाले. एक गाल टम्म फुगलेला. कोणती दाढ ते मी सांगणार नाही, पेशाचा तेवढा धर्म पाळते.

"खडा लावून पाहिला नाही?" मी विचारलं.

"खडा धन्याचं काम करत नाही," महाराज कळवळत म्हणाले.

"बरोबर आहे. न्हाव्यालाही स्वतःची हजामत दुसऱ्याकडूनच करून घ्यावी लागते."

महाराजांना हसता येण्यासारखं नव्हतं. मी त्यांना खुर्चीत आडवं केलं आणि इंजेक्शन भरलं. सुई दिसताच त्यांनी डोळे घट्ट मिटले. भ्यालेला माणूस माझ्या खुर्चीत काही ना काही चाळा करतोच. कुणी शर्टाचं बटण पिळतो, कुणी खुर्चीचा हात खरवडतो. महाराजांचा अंगठा तर्जनीवरच्या अंगठीशी खेळायला लागला. डोक्यावर माझा दिवा होता आणि माझ्या डोळ्यांवर बारीक गोष्टी मोठ्या दिसणारा चष्मा. कोंदणाची रुंद सोन्याची कड अंगठ्याखाली गोल फिरत होती. खडा निळा झाला, पिवळा झाला, परत निळा झाला. भीतीच्या भरात महाराज माझ्या दाढेच्या खुर्चीत एकापाठोपाठ एक रोगी बरे करत सुटले होते.

दाढेवर इलाज केला आणि मी गप्प बसले. खुर्चीतलं गुपित चव्हाट्यावर मांडणं मला जमणारं नव्हतं. पण जाऊबाईंची शेवटची बैठक दोन दिवसांवर आली होती. नीट विचार केल्यावर लक्षात आलं, की गुपित फोडायची गरजच नाही. शेवटच्या बैठकीत रुमाल उचलल्यावर महाराज अंगठी काढून रोग्याच्या तळहातावर ठेवत आणि रोगी ती कपाळाला लावी, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मला फक्त जाऊबाईंना जाऊबाईंसारखं वागायला सांगायचं होतं.

"तुमच्याबरोबर मी येते," मी म्हणाले. "एकच सांगते. अंगठी हातात आली की कपाळाला लावण्याआधी नीट पुसून घ्या. कुणाकुणाच्या गालाला, पाठीला लागून आलीय ती."

"ते काय मला सांगायला हवं?" जाऊबाई म्हणाल्या.

बैठकीला हॉल खच्चून भरला होता. महाराजांचा गाल उतरला होता आणि आवाज चढला होता. रुमाल पडला, पुटपुटणं झालं, रुमाल उठला. पिवळा खडा बघून लोकांनी हात जोडले. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "निजलं हो तुमचं दुखणं," महाराज म्हणाले आणि त्यांनी अंगठी त्यांच्या तळहातावर ठेवली.

जाऊबाईंनी पर्समधून स्वच्छ रुमाल काढला आणि अंगठी पुसायला घेतली. त्यांचं पुसणं म्हणजे काय, ते आमची भांडी जाणतात. महाराज पुढे सरकले. "नको नको, ताकद निघून जाते," ते म्हणाले. तोवर जाऊबाईंच्या बोटांखाली काहीतरी हललं. त्यांनी रुमाल उघडून पाहिलं, तर खडा निळा.

मला वाटलं, आता बाई कोसळणार. पण बोटांना जे कळलं ते त्यांच्या मनाच्या आधी कळलं होतं. झाकण फिरतंय म्हटल्यावर ते हात थांबणार कसे? त्यांनी चिमटीत कड धरली आणि मनगटाला एक हिसडा दिला. सोन्याची कड टकदिशी निघून हातात आली.

खाली लांबट चौकोनी खडा होता. त्याचा एक अर्धा भाग निळा, दुसरा पिवळा, आणि मधे रेघ ओढावी तशी सीमा. हातात आलेली कड म्हणजे झाकणच होतं, आणि त्यात एका बाजूला छोटी खिडकी, जेमतेम अर्धा खडा दिसेल एवढीच.

महाराजांनी घसा खाकरला. "खड्याच्या मनात दुविधा आलीय. कुणीतरी अश्रद्ध माणूस इथे बसलंय."

"ते असू दे," जाऊबाई म्हणाल्या. "पण महाराज, खडा जर स्वतः बोलतो, तर त्याला झाकण कशाला?"

महाराज दुभाषे होते, पण या प्रश्नाचं भाषांतर त्यांना सुचलं नाही. जाऊबाईंनी कड परत बसवली आणि अंगठी समोरच्या टेबलावर टेकवली. "हे टेबल आजारी आहे," त्या म्हणाल्या आणि खिडकी निळ्यावर आणली. मग कड फिरवली. "आता बरं झालं." मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग हसू सगळ्या हॉलभर पसरलं. हसल्या नाहीत त्या फक्त जावयाचा स्वभाव बदलून मागणाऱ्या सासूबाई.

मी कड काढून अंगठी हॉलच्या खिडकीपाशी नेली आणि लोकांना उजेडात दाखवली. नीलम आणि पुष्कराज ही एकाच दगडाची दोन रूपं आहेत. जमिनीत तो तयार होताना त्यात लोखंडासारख्या धातूंचा अंश मिसळतो आणि त्यावर रंग ठरतो. मिश्रण मधेच बदललं, तर एकाच खड्यात दोन रंग येतात. पैलू पाडणाऱ्याने पायऱ्यांसारखे सपाट पैलू पाडून सीमा स्वच्छ राखली होती. खरी नवलाची गोष्ट ती होती. महाराजांनी ती झाकून ठेवली आणि आपला अंगठा दाखवला.

संध्याकाळच्या आत महाराज मफलरसकट गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी जाऊबाई दारात उभ्या होत्या.

"सर्जनला फोन लाव," त्या म्हणाल्या. "मला भीती वाटतेय. पण लाव."

रिपोर्ट चांगला आला नाही. वेळेत मात्र आला. ऑपरेशन झालं, गालावर एक व्रण राहिला आणि त्या अजून एकाच बाजूने चावतात. शेवटच्या बैठकीवर विसंबून आणखी काही महिने गेले असते, तर काय झालं असतं ते सर्जनने मला बाजूला घेऊन सांगितलं. ते मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

वाचकहो, सगळे चमत्कार एका दाढेच्या डॉक्टरच्या खुर्चीत येऊन पडतीलच असं नाही. म्हणून मागणं एवढंच आहे. कुणी नवल दाखवलं, तर हात जोडण्याआधी ते हातात मागून घ्या. देत नसेल तर का देत नाही ते विचारा. दिलं तर कड फिरते का बघा. आणि दुखणं असेल, तर ते जाणणाऱ्याला दाखवा. आमच्या घरी अजूनही घट्ट बरणी जाऊबाईंकडेच जाते, आणि त्या झाकण उघडून आधी आत काय आहे ते बघतात.