फलेसीची साखर उतरली तेव्हा

आमच्या गावात मडकी घडवावीत तर एनेलेताने. हात हलका, जीभ मात्र तिखट. तिचा मुलगा लास्टन फलेसीशी लग्न करून तिला घरी घेऊन आला आणि सून रोज पोटात सुई टोचून घेते हे कळल्यावर एनेलेता कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलली नाही. फलेसीला शाळेत असल्यापासून मधुमेह. इन्सुलिनशिवाय ती जगायची नाही, हे लास्टनने आईला परोपरीने सांगितलं. सुईची सवय लागली की सुटत नाही, एवढंच एनेलेताचं म्हणणं.

पावसाळ्याच्या तोंडावर दवाखान्यातल्या मलिता नर्स मधुमेहाच्या लोकांना बोलावून शिकवायच्या. घरातलं एक माणूस सोबत हवंच. लास्टन उसाच्या मळ्यावर, त्याला सुट्टी मिळेना. शेवटी एनेलेताच कुरकुरत गेली. मीही होते, माझ्या नवऱ्यालाही हाच आजार म्हणून.

नर्सबाईंनी सांगितलं, पुराच्या दिवसांत औषध, सुया आणि साखर डब्यात भरून दाराशी ठेवा.

"साखरेच्या आजाराला साखर?" एनेलेता म्हणाली. "बाई, तुम्ही सकाळी खाऊन आलात ना?"

सगळे हसले, नर्सबाईसुद्धा. मग त्यांनी नीट समजावलं. इन्सुलिन रक्तातली साखर खाली ओढतं. वर जेवण मिळालं नाही तरी ओढतच राहतं. मग घाम फुटतो, हात थरथरतात, कधी माणूस दारू प्यायल्यासारखा भांडतो. तेव्हा आधी साखरेचं पाणी पाजायचं. औषध गार कसं ठेवायचं हे निघालं तेव्हा एनेलेता पुढे सरकली. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मध्ये ओली वाळू. घरी जाऊन तिने तशी जोडी घडवली.

आमच्याकडे पावसाचा जोर असतो त्या फेब्रुवारीत शिरे नदी गावात शिरली. आम्ही सगळे उंचावरच्या शाळेत गेलो. एनेलेताने डबा आणि मडक्यांची जोडी सोबत घेतली. सकाळी पटांगणात पेजेचं मोठं पातेलं चुलीवर चढलेलं पाहून फलेसीने सुई घेतली. तेवढ्यात सर कोसळली आणि चूल विझली. ओली लाकडं काही केल्या पेटेनात.

बराच वेळ गेला. एनेलेता सुनेला म्हणाली, जरा भिंतीकडे सरकून बस. फलेसी उसळलीच.

"तुमची मडकी तुमच्याच डोक्यात घालीन मी. या घरात आल्यापासून एक गोड शब्द नाही ऐकला."

सासूला असं कोणी बोलत नाही आमच्यात. दोन थोबाडीत द्या म्हणजे ताळ्यावर येईल, असं म्हातारा जोसाया म्हणाला. एनेलेताचा हात उठला. मला वाटलं, आता मारणार. तिने तो फलेसीच्या मानेवर ठेवला. मान घामाने थबथबलेली.

"हे हिचं बोलणं नव्हे," ती म्हणाली. "साखर उतरलीय तिची."

डब्यातली साखर तिने पाण्यात ढवळली. फलेसी पेला ढकलत होती. "पी आधी. शिव्या नंतर दे." घोट घोट करून ती प्यायली. थोडं थांबून आणखी दिलं. थरथर निवली तशी मी कुठूनतरी बिस्किटं मागून आणली.

शुद्धीवर आल्यासारखं फलेसीने विचारलं, "आई, मी काय बोलले?"

"मडकी फोडणार होतीस माझी."

फलेसीने तोंड झाकून घेतलं. "आणि?"

"आणि जे बोललीस, ते खोटं नव्हतं." एनेलेता तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली.

दुपारी जोसाया ओशाळून हे काय होतं म्हणून विचारायला आला. एनेलेताने त्याला सांगितलं, मग बायकांना. संध्याकाळपर्यंत वर्गच भरला. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काय घालायचं, असं तिने विचारलं. साखर, असं जोसाया म्हणाला. "काही नाही घालायचं," ती म्हणाली. "ठसका लागून मरेल. कुशीवर वळवायचं आणि दवाखान्यात पळवायचं."

नर्सबाई होडीने आल्या तेव्हा मडक्यातलं औषध गारच होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही परतलो. लास्टनही आला, पडलेल्या भिंती उभ्या राहू लागल्या. चिखल तुडवता तुडवता एनेलेता हाक मारी, "फलेसी, सुई घेतलीस?"

"आधी पेज वाटीत दाखवा, आई," फलेसी आतून म्हणायची, आणि दोघी हसायच्या.