एका नाण्याची रॉयल

मंगळवारी म्हाताऱ्यांना जेवण अर्ध्या किमतीत, म्हणून बोल्डर हायवेवरच्या त्या कॅसिनोत डेलबर्ट आणि नोरीन न चुकता यायचे. आधी भाजलेलं मांस आणि बटाटा, मग डेलबर्टला वीस डॉलरची एक नोट. नोट नोरीनच्या पर्समधून निघायची आणि तिच्यासोबत अटही: पत्त्यांचं पाव डॉलरचं मशीन, आणि एका डावाला एकच नाणं. नोरीनच्या मते याला शहाण्यासारखं खेळणं म्हणतात.

अट उगाच नव्हती. जन्मभर वेगासच्या छपरांवर उन्हात भाजून घेत, लोकांचे एसी दुरुस्त करून घेतलेलं घर या बाबाने असल्याच मशीनच्या पडद्यासमोर बसून घालवलं होतं, मोठ्या मशीनवर पाच-पाच नाणी लावत. तेव्हापासून दोघं ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात राहत होती आणि पेन्शन नोरीनच्या खात्यात जात होती. पुन्हा पाच नाणी लावलीस तर मी बहिणीकडे निघून जाईन, असं तिने एकदाच, आवाज न चढवता सांगितलं होतं. डेलबर्टने सहा वर्षं शब्द पाळला. कुणाला खरं वाटणार नाही, पण पाळला. आयुष्यात शाबूत म्हणावी अशी त्याच्याकडे तेवढीच एक गोष्ट उरली होती.

खेळ तसा सोपा. पाच पत्ते येतात, हवे ते धरायचे, नको ते टाकायचे, बदली पत्ते आले की मशीनवरच्या तक्त्याप्रमाणे पैसे. गोम आहे ती तक्त्यात. बाकी सगळी बक्षिसं नाण्यांच्या पटीत वाढतात, पण रॉयल फ्लशला, म्हणजे एकाच रंगाचे दश्शीपासून एक्क्यापर्यंत पाचही पत्ते आले तर, एका नाण्यावर अडीचशे नाणी आणि पाचांवर थेट चार हजार. डेलबर्टने एकदा तिला समजावून पाहिलं होतं. पैसे जपायचेत ना, मग पाच सेंटच्या मशीनवर बसू. तिथे पाच नाणी लावली तरी पाव डॉलरच होतो आणि बक्षीस पुरं मिळतं. नोरीनच्या कानात फक्त 'पाच' शिरलं. ही जुगाऱ्याची भाषा आहे, म्हणाली, आणि विषय संपला. खरा हिशेब सांगणाऱ्याची पत आधीच गेलेली असली की असंच होतं.

त्या मंगळवारी बदामाचे राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि चौकटची एक फालतू तिर्री आली. डेलबर्टने चार धरले, तिर्री टाकली, आणि बदामाचा एक्का येऊन बसला.

बासष्ट डॉलर पन्नास सेंट. नोरीन कॉफी सांडत उठली आणि तिने त्याच्या टकलाचा मुका घेतला.

शेजारच्या मशीनवर बर्निस होती, नाकात ऑक्सिजनची नळी घालून रोज येणारी. तिने मान वळवून पाहिलं. "एकच नाणं लावलेलंस? अरे देवा, डेल. हजार डॉलर होते ते."

बाई चेष्टा करतेय असं नोरीनला वाटलं. बर्निसने नखाने तक्ता दाखवला. नोरीनने चष्मा लावून तो वाचला, पुसून पुन्हा लावला आणि पुन्हा वाचला.

डेलबर्टला मात्र, खरं सांगायचं तर, हलकं वाटत होतं. एवढं मोठं आमिष समोरून गेलं आणि आपला शब्द जागचा हलला नाही. चल, आइस्क्रीम खाऊ आणि घरी जाऊ, तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?" नोरीनने विचारलं.

"हो."

"आणि बोलला नाहीस."

"बोललो होतो. तूच म्हणालीस, जुगाऱ्याची भाषा."

तिची मान लाल झाली. हजार डॉलरमध्ये ट्रेलरचं छप्पर झालं असतं, तिचा दात झाला असता, असं ती पुटपुटत राहिली. मग पर्सचा आतला कप्पा उघडून तिने शंभराची नोट काढली. वीजबिलाची होती ती. डेलबर्टने मशीनच्या तोंडावर हात ठेवला. ते परत येत नसतं नोरीन, असं त्याने तिला समजावलं, मशीनला आपली आठवण नसते.

"हात काढ," ती म्हणाली. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. एकेकाळी त्याच्याच घशातून यायचा. "कसं खेळायचं ते तुला येतं ना? मग बस, आणि पाच लाव."

निघून जाईन म्हणणारी बाई त्याने तिच्या चेहऱ्यावर शोधली. ती, मशीनने परत ओकू नये म्हणून, मांडीवर घासून नोट सरळ करत होती. त्याने हात काढला. नोट आत गेली. पाचाच्या बटणाकडे त्याला बघावंही लागलं नाही, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याला मनापासून बरं वाटलं.