तिसरी वायर

लाल गाडी गॅरेजात आली, त्याच्या दोन दिवस आधी तिचा आवाज आला.

मंगळवारी सकाळी कृष्णात मेस्त्रीनं शटर वर केलं तर मधल्या रिकाम्या जागेत तो हजर. टक, टक, टक. उभ्या गाडीचं इंजिन चालावं तसा, एका ठिकाणी. शेजारच्या लेथवाल्या इसाकनं दारातून डोकावून पाहिलं.

"नॉकिंग कुणाचं हाय, मेस्त्री?"

"गाडी यायचीय अजून."

"बेअरिंगचं वाटतंय," इसाक म्हणाला आणि आपल्या कामाला गेला.

कृष्णातच्या बायकोनं, शालननं, त्या आवाजाच्या कडेकडेनं झाडून घेतलं. तीस वर्षं ती त्याच्याबरोबर गॅरेजात राबत होती. गाडीखालून त्यानं नुसता तळहात बाहेर काढायचा आणि तिनं त्यावर पाना ठेवायचा. कितीचा, हे त्यानं कधी सांगितलं नाही, तिनं कधी विचारलं नाही. दहाचा हवा असला तर दहाचाच यायचा, चौदाचा हवा असला तर चौदाचा. एरवी ती रॉकेलच्या ताटात नटबोल्ट धूत बसे आणि स्वतःशीच ओव्या म्हणे. त्या आठवड्यात मात्र ओवी म्हणता म्हणता ती छातीवर हात ठेवून थांबायची.

"गॅस धरलाय," म्हणायची.

गुरुवारी गाडी आली. दोन सीटांची, उघड्या टपाची, पन्नास वर्षांची. खर्डेकर बाईंनी स्वतः चालवत आणली. बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, डोक्याला रुमाल बांधून गाडी हाकायच्या. उशी खोळीत बसावी तशी गाडी त्या आवाजात जाऊन बसली.

"चढाला वाजते," बाई म्हणाल्या. "पेट्रोल बदलून पाहिलं, फरक नाही. आणि हे बघा मेस्त्री, चाळीस वर्षं पोरांच्या सबबी ऐकल्यात मी. खरं काय ते सांगायचं."

"सांगतो की. चहा घ्या तोवर."

आधी टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ. इंजिन चालू ठेवून त्यानं डिस्ट्रिब्युटर सैल केला आणि केसभर मागे फिरवला. टकटक जराशी मऊ झाली.

"शालन, बाईंच्या चहात साखर किती घातलीस?"

"दूधवाला येऊन गेला," शालन म्हणाली. ते त्यानं सकाळी विचारलं होतं.

त्यानं डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवला. टकटक कडक झाली.

"नगो, मला भूक न्हाई," शालन म्हणाली.

"जेवून घे मग," कृष्णात म्हणाला, कारण आता ते म्हणणं भागच होतं. आणि त्यानं टायमिंग होतं त्या खुणेवर परत आणून ठेवलं.

मग वायरी. चालत्या इंजिनात एकेका प्लगची वायर काढून बघायची. ज्याची काढल्यावर आवाज थांबेल, दुखणं त्या सिलिंडरचं. हे तो मिसरूड फुटायच्या आधीपासून करत आला होता.

पहिली काढली. टकटक चालूच. पण बाई बिस्किट चहात बुडवून तशाच थांबल्या. बिस्किट भिजलं, तुटलं, तळाला गेलं. त्यानं वायर लावली.

"अरेच्चा, बुडालं," बाई म्हणाल्या.

दुसरी काढली. शेजारचा लेथ थांबला, आणि इसाकची एक शिवी अर्ध्यात. वायर लावली तेव्हा शिवी पुरी झाली.

तिसरीला हात घालताना शालन म्हणत होती:

काळं तेल बोटांना, किती धुवावं रॉकेलानं
धन्याला वळखीन, अंधारात मी त्या वासानं

पहिली ओळ संपली आणि त्यानं वायर काढली. टकटक थांबली. दोन दिवसांत पहिल्यांदाच गॅरेज इतकं निवांत झालं की बाईंच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू आलं. शालनच्या बोटाला रॉकेलचा थेंब लोंबत होता. तो पडत नव्हता. कृष्णात त्या थेंबाकडे बघत राहिला, मग त्यानं घाईनं वायर लावली. थेंब पडला. दुसरी ओळ आली, तिच्या पाठीमागून टकटक आली.

राहिली चौथी. ती त्यानं काढली आणि लगेच लावली, असं त्याला वाटलं. पण बाईंच्या हातातल्या चहावर साय धरली होती आणि वायरीवर हात शालनचा होता.

"कुठं गेलतासा?" तिनं विचारलं.

त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं. इंजिन चालत राहिलं. त्यानं चावी काढून खिशात ठेवली. जुनी इंजिनं अशी आपल्याच उष्णतेवर घटकाभर चालतात, पण हे चालतच राहिलं.

"ते बंद करूच नका," बाई म्हणाल्या. "चारातून चार गेले तर..." आणि पुढचं उत्तर फळ्यावर असल्यासारखं त्यांनी हवेत हातानं पुसलं.

त्या घरी जायला निघाल्या आणि दहा मिनिटांत समोरून परत आल्या. "रस्ता इसाकच्या दुकानावरून वळतो आणि इथंच येतो. दोनदा जाऊन पाहिलं." त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी रुमाल सोडला.

कृष्णातनं तेलाची पट्टी उपसली. काळ्या तेलात चांदीसारखी बारीक कणी चमकत होती. बेअरिंग झिजत चाललं की तेलात अशी कणी येते. तेवढ्यात शालनला ठसका लागला. तिनं पदरानं तोंड पुसलं. पदरावर तीच कणी होती. तिनं ती पाहिली, आणि पदराचं ते टोक आत दुमडून कमरेला खोचलं.

"गॅसच हाय," ती म्हणाली.

इसाकनं येऊन स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मुठीला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"तिसऱ्याचं बेअरिंग," तो हळू आवाजात म्हणाला. "तास, लई तर दोन तास. मग रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून भाईर येतोय, तुम्हास्नी काय सांगायचं. नवं बेअरिंग माझ्याकडं हाय. इंजिन बंद करून उघडा."

"बंद केल्यावर उघडणार कोण?"

इसाकनं हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिला. "मग चालू उघडा."

"चालू इंजिन कुणी उघडलंय, इसाकभाई?"

"कुणी न्हाई."

टाकीत पेट्रोलचा शेवटचा कॅन ओतला. शालन चालवायच्या सीटवर बसली. ती तिथं कधीच बसली नव्हती. स्टिअरिंगवरची धूळ तिनं पदराच्या कोऱ्या टोकानं पुसली.

"पाय नुसता टेकव. लई दाबू नगो."

"मला शिकवू नका. तुमच्यापेक्षा जास्त इंजिनं ऐकल्यात मी. तुमचं निम्मं ध्यान तर पान्यात असतंय."

बाई हसल्या. कृष्णातही हसला, आणि पोतं अंथरून गाडीखाली सरकला.

तळाचं, तेलाचं चेंबर अठरा बोल्टांवर होतं. चेंबर सुटलं की तेल जाणार, तेल गेलं की इंजिनाचं एखादं मिनिट उरणार, आणि त्या मिनिटात फिरत्या लोखंडात हात घालून बेअरिंग बदलायचं. होणार नव्हतं. ते त्यालाही ठाऊक होतं आणि वर बसलेल्या तिलाही. सवयीनं त्यानं तळहात बाहेर काढला. तो तसाच रिकामा राहिला, तेव्हा त्याला आठवलं, आणि पानापेटी त्यानं आपणच ओढून घेतली.

एकेक बोल्ट सोडवून तो छातीवर ठेवत गेला. दर टकटकीला ते बोल्ट उडत होते. वर शालन गात होती. इंजिनाचा आवाज पातळ होऊ लागला, पेट्रोल संपत आल्यासारखा. सतरा झाले. अठरावा त्यानं बोटांनीच फिरवला.

चेंबर अलगद त्याच्या छातीवर उतरलं. तेल आलं नाही. फिरत्या लोखंडामधून एक हात खाली आला, कोपरापर्यंत रॉकेलनं ओला, मनगटावर शालनच्या हिरव्या बांगड्या. दर फेऱ्याला त्या ब्लॉकवर आपटत होत्या. टक. टक. टक.

वर ओवीची पहिली ओळ संपली.

हात त्याच्या तोंडासमोर थांबला आणि त्याचा तळवा उघडला. कृष्णातच्या कुशीला पानापेटी उघडी होती, आठपासून बत्तीसपर्यंत सगळे पाने ओळीनं. तो त्या तळव्याकडे बघत राहिला. कितीचा, ते त्याला कळेना.