देवाच्या ताटातला दुधी

माझी मुलगी समिधा पांढरं खाते. भात, दही, दूध, उकडलेला बटाटा आणि वरण, तेही फिकं. सात वर्षांची आहे. ताटात हिरवं काही दिसलं की ओठ घट्ट मिटून बसते, आणि तोंडात कोंबलंच तर सरळ ओकते. मागच्या उन्हाळ्यात तिचं रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फळं-भाज्या पोटात गेल्याच पाहिजेत. जसं काही मीच दारात उभी राहून भाज्यांना हाकलून देत होते!

गोड बोलले, रागावले, गोष्टी सांगितल्या, टीव्ही लावून दिला. कशाचा उपयोग झाला नाही. शेवटी एका दुपारी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, "तुझ्या ताटात जे पडेल ते मी नाव सांगून वाढीन. लपवून काही घालणार नाही. तू फक्त चाखायचं. नाही आवडलं तर बाजूच्या वाटीत काढून टाक, कोणी रागावणार नाही."

"पक्का? मम्मी की कसम?"

"माझीच कसम," मी म्हटलं.

आणि ते जमत गेलं. आधी हात लावायचा, मग हुंगायचं, मग जिभेला टेकवायचं. हिवाळ्यात मटार आले तसं तिला सोलायला बसवलं, तर सोलता सोलता दाणे तोंडात जायला लागले. पेरू मीठ लावून खाल्ला. सिहोऱ्याहून येणारा शिंगाडा आतून पांढराच निघतो, तो तर मागून घेतला. एकदा गाजराचा तुकडा चावून म्हणाली, "ठीक है." त्या दोन शब्दांनी माझा दिवस सोन्याचा झाला.

घरात मात्र कोणाला धीर नव्हता. "इतके महिने झाले आणि मटार नि पेरूच?" सासूबाई म्हणायच्या. माझा नवरा विपुल फॅक्टरीतून आला की वाटीत थुंकलेला पालक बघून नाक मुरडायचा. मी लक्ष दिलं नाही. जानेवारीत पुन्हा रक्त तपासलं, तर आकडा वर आलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जो कर रही हैं, करती रहिए." मदन महल भागातल्या आमच्या घरी येईपर्यंत स्कूटरवर मी विपुलच्या पाठीमागे बसून बडबडत होते. बघ, शब्द पाळला की मूल पण विश्वास ठेवतं. तो नुसता हसत होता. आरशात दिसलेलं ते हसू आता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आता नैवेद्याचं सांगते. आमच्याकडे रोज देवाला वरणभाताचा नैवेद्य असतो. छोटीशी ताटली, वर तूप, तुळशीचं पान. तो सासूबाई स्वतः करतात, सोवळ्यात, त्यांच्या वेगळ्या पातेलीत. नैवेद्य आधी चाखायचा नसतो, मीठ कमी पडलं की जास्त ते देवालाच ठाऊक. दाखवून झाला की ती ताटली घरातल्या सगळ्यांत लहान मुलाची, ही या घरची रीत. सासूबाई पोथी वाचत बसतात, म्हणून समिधाला ताटली मी नेऊन देते. त्या वरणाला तिच्याआधी कोणाची जीभ लागत नाही आणि तिच्यानंतर ते उरत नाही. देवाचं म्हणून ती ते मुकाट्याने संपवते.

परवा रविवारी तीच ताटली हातात घेऊन ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बोटाच्या टोकावर हिरवा कपचा होता, सालीचा.

"मम्मी, हे काय आहे?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

"तूच तर दिलं." ताटली ओट्यावर ठेवून ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मी बोट बुडवून वरण चाखलं. मग ताटली घेऊन देवघरात गेले. सासूबाईंनी पोथीतून मान वर केली. लाजल्या नाहीत, काही नाही.

"लवकी आहे," त्या म्हणाल्या. "उकडून, बारीक वाटून टाकत असते मी वरणात. दिवाळीपासून. आज साल राहिली वाटते. विपुलच तर कोवळी पाहून आणून देऊन राहिला. नाही तर काय, तुझ्या मटारच्या दाण्यांनी रक्त वाढलं?"

दुधीने रक्त वाढतं हे कोणत्या शाळेत शिकवतात ते मला विचारायचं होतं. दिवाळीपासून! म्हणजे मी इकडे "हा पालक आहे, हे बीट आहे" करत तिच्यासमोर बसत होते, आणि तिकडे रोज माझ्याच हातून तिला फसवत होते दोघं. केसाने गळा कापला माझा, तोही देवासमोर.

तेवढ्यात आतून विपुलचा आवाज आला. तो दार उघडवून तिच्याजवळ बसला होता. मला वाटलं, चला, सांगतोय खरं काय ते. मी दारापाशी थांबले.

"अगं, तुझी मम्मी तुझ्या भल्यासाठीच करून राहिली होती ना," तो म्हणत होता. "लौकी मिलाई थोडी सी, तो क्या हुआ? चलो, हसून दाखव."

तो बाहेर आला तेव्हा मी त्याला गॅलरीत ओढलं. "माझं नाव काहून घेतलंस?"

"हळू बोल," तो म्हणाला. "आईचं नाव घेतलं असतं तर? पोरीने तिच्या देवाच्या ताटाला हात लावला नसता मग. आईला सहन झालं असतं काय ते? तू मम्मी आहेस. दोन दिवसांत मानून जाईल."

"आणि मी दिलेला शब्द?"

"शब्द, शब्द! अगं, सात वर्षांची आहे ती."

मला रडू आलं ते दुधीचं नाही. इतक्या सहज, भाजीची पिशवी दुसऱ्याच्या हातात द्यावी तसं, त्याने स्वतःचं खोटं माझ्या हातात दिलं होतं, त्याचं आलं.

त्या संध्याकाळी समिधाने मटारचा एकेक दाणा नखाने फोडून पाहिला आणि सगळे वाटीत टाकले. दूध उजेडात धरून बघितलं आणि नको म्हणाली. सोमवारी डबा जसाच्या तसा परत आला. मी जवळ बसले, म्हटलं, "समिधा, मी नाही घातलं गं." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पप्पा बोले तूने ही डाला," एवढंच म्हणाली. पप्पाने खोटं सांगितलं, हे मी तिला सांगू शकले नाही. एकाच दिवसात आई आणि बाप दोघांनाही तिच्यासाठी खोटं कसं ठरवणार होते मी?

रात्री जेवायला बसलो. दोन दिवसांत तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मी भाताची वाटी उचलली, तशी तिने आपलं ताट माझ्यासमोरून ओढलं आणि सासूबाईंपुढे नेऊन ठेवलं.

"आजी, तू वाढ. तू देवाचं करते ना. तू झूठ नाही बोलत."

सासूबाईंचा पळी धरलेला हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विपुलकडे पाहिलं. तो पोळीचे तुकडे करत होता.

"आई," मी म्हटलं, "नाव सांगून वाढा."

आजचं वरण सासूबाईंनीच केलं होतं, आणि मोरीजवळच्या टोपलीत मला दुधीची साल दिसत होती, ताजी. ती मला दिसली, हे सासूबाईंनी पाहिलं.

"साधं वरण आहे, बाळा," त्या म्हणाल्या. "दुसरं काही नाही."

माझं तोंड उघडलं होतं. एक शब्द बोलले असते तर या घरात तिला भरवणारा एकही हात उरला नसता, आणि पोर कालपासून उपाशी होती. मी तोंड मिटलं.

समिधाने भात कालवला. पहिला घास घेतला, दुसरा घेतला, काहीही न तपासता. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "देखा, मम्मी? असं सांगायचं असते."