काचेच्या पेटीबाहेरचा आकडा

मी एक जुना मल्टिमीटर आहे आणि मित्रांनो, एका वाक्याने मला अगदी वात आणला आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी अठरा वर्षे काढली. आलो तेव्हा पिवळाधमक होतो. आता माझ्या लाल वायरीला चिकटपट्टी आहे, पण आकडा मी खराच सांगतो. विद्यार्थी काचेच्या तुकड्यावर अर्धवाहक पदार्थाचा पातळ थर देतात. तो थर विजेला किती अडवतो, म्हणजे त्याचा रोध किती, ते मी मोजतो. मग प्रबंध लिहितात आणि शेवटी हटकून तेच वाक्य येते: ‘हा पदार्थ प्रत्यक्ष वापरात अत्यंत उपयुक्त ठरेल.’ आधीच्या प्रबंधातून जसेच्या तसे उतरवलेले! अहो, कुठे वापरणार? मला तर कुणी कपाटापलीकडे नेले नव्हते.

त्यातल्याच एका विद्यार्थिनीचा, करुणाचा, थर खरोखर चांगला होता. काचेच्या बंद पेटीत अमोनिया वायू सोडला की रोध झपकन उतरायचा. सडणाऱ्या कांद्यातूनही हाच वायू निघतो. तिनेही लिहून टाकले, ‘कांदा सडू लागताच शेतकऱ्याला कळेल.’

हे वाक्य वैजापूरला कांदा पिकवणाऱ्या तिच्या मामांच्या, अप्पारावांच्या, कानावर गेले. त्यांचा फोन आला.

“पोरी, औंदा चाळीत कांदा निवडायला बाया लावत नाय. तुझं यंत्रच सांगंल की!”

करुणाचा चेहरा उतरला. मला आणि त्या थराला पिशवीत घालून तिने वैजापूर गाठले. कांदा साठवायच्या त्या चाळीत ओलसर हवा होती. पहिल्याच ढिगापाशी माझा आकडा घसरला.

“सडला व्हय?” म्हणत मामांनी कांदा फोडला. आत टणक, पांढराशुभ्र.

कांदा निवडणाऱ्या सरूबाईंनी कोपऱ्यातला ढीग हुंगला, हात घातला आणि पिचका कांदा वर काढला. तिथेही माझा आकडा तेवढाच!

“याला सर्दी झालीय वाटतं,” त्या म्हणाल्या.

माझे काय चुकले? ओलाव्यानेही रोध उतरतो. पेटीतली हवा कोरडी होती, हे कुणी लक्षातच घेतले नव्हते.

“मामा, बाया लावा. उद्याच लावा,” करुणा म्हणाली.

परतल्यावर तिने ते वाक्य खोडले. तिचे मार्गदर्शक राजकुमार सर वैतागले. “अगं, सगळेच लिहितात. परीक्षक काय चाळीत जाऊन बघणार आहेत?”

“परीक्षक नाही, सर. पण मामांचा अख्खा कांदा गेला असता.”

तिने नवे लिहिले: ‘कोरड्या हवेत अमोनिया ओळखतो. दमट हवेत फसतो. कांद्यासाठी अजून उपयोगी नाही.’ सरांनी ते दोनदा वाचले आणि सही केली.

मित्रांनो, आम्हा उपकरणांना जपा. पण नुसती धूळ पुसून भागत नाही. कुणी ‘उपयुक्त’ म्हणाले की विचारा, कुठे मोजले? कोणत्या हवेत? आणि आमचा आकडा जिथे थांबतो, तिथे तुम्हीही थांबायला शिका.